चिआंग माई की पेनांग? मार्चच्या हवेने दिलेला कौल

आम्ही शेवटी मलेशियातल्या पेनांगला भाड्याचं घर घेतलं आणि थायलंडमधल्या चिआंग माईचा विचार सोडला. ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. लॅपटॉपवर काम करत परदेशी राहणाऱ्यांच्या तोंडी चिआंग माईचं नाव आधी येतं आणि पेनांग बहुतेकांना सहलीपुरतं ठाऊक असतं. ज्यांच्यापुढे आज हाच प्रश्न आहे त्यांना उपयोग होईल म्हणून आमचा निर्णय कसा होत गेला ते लिहिते.

मी एका जर्मन कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, सगळं काम घरून. नवरा फ्रीलान्स डिझायनर आहे. मुलगा नऊ वर्षांचा, आणि त्याला बाळदमा आहे. पुण्यात दिवाळी उलटली की त्याचा पंप दप्तरात, उशाशी आणि गाडीत असा सगळीकडे ठेवावा लागायचा. दोन-तीन वर्षं परदेशात राहून बघावं असं दोघांच्याही मनात होतं, पण आईवडील थकत चाललेत, त्यामुळे फार लांब जायचं नव्हतं. सिंगापूर खिशाला परवडणारं नव्हतं. बँकॉक आणि क्वालालंपूर आम्हाला फार मोठी वाटली; पुण्याच्या वाहतुकीतून सुटून पुन्हा तेच कशाला? मध्यम आकाराचं, चांगली इस्पितळं असलेलं, खर्चाला झेपणारं शहर शोधताना ही दोन नावं उरली.

एक गोष्ट आम्ही आधीच ठरवली होती. प्रत्येक शहर त्याच्या वाईट महिन्यात बघायचं. माझं माहेर चिपळूणचं. डिसेंबरात येऊन नदीकाठची जागा पसंत करणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले आहे, आणि २००५ आणि २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीने त्याच भागांचं काय केलं तेही बघितलं आहे. जिथे राहायचं तिथला जुलै माहीत हवा. पेनांगमध्ये सगळ्यात जास्त पाऊस साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, आणि चिआंग माईची खरी परीक्षा फेब्रुवारी ते एप्रिल असते.

म्हणून पेनांगला ऑक्टोबरात गेलो. दुपारी तीनच्या सुमाराला आभाळ भरून यायचं आणि तासभर असा पाऊस कोसळायचा की समोरची इमारत दिसेनाशी व्हायची. पण जॉर्ज टाउनच्या जुन्या दुकानांपुढून छपराखालचे लांबच लांब ओटे जातात, त्यांच्या आधाराने भर पावसातही बरंच अंतर कोरडं चालता येतं. २००८ मध्ये मलाक्काबरोबर या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे या पेठा पाडून टॉवर उभे राहिलेले नाहीत. लिटल इंडियात दिवाळीची गर्दी होती. क्वीन स्ट्रीटवरच्या महामरिअम्मन देवळाबाहेर हारवाल्या बसल्या होत्या, तेही १८३३ सालचं देऊळ. शेजारच्या किराणा दुकानात तूरडाळ, रवा, पोहे, हिंग, कढीपत्ता सगळं एका फेरीत मिळालं. दुकानदार मला ‘अक्का’ म्हणत होता आणि ज्वारीच्या पिठासाठी ‘क्वालालंपूरहून मागवून देतो, दोन आठवडे द्या’ असं सांगत होता. नवऱ्याचं जेवण शाकाहारी. केळीच्या पानावरचा भात, डोसे आणि चिनी बौद्धांची शाकाहारी भोजनालयं यांवर त्याचं निभलं.

खटकलं ते दमटपण. बारा महिने तापमान २४ ते ३२ अंशांच्या आत-बाहेर आणि हवा कायम ओली. कोकणातल्या माणसाला बुरशी नवी नाही, पण ती आषाढ-श्रावणापुरती असते, इथे तिला वर्षभर मुक्काम. दम्याच्या मुलाला बुरशीही त्रास देते. हे आम्ही तेव्हाच वहीत लिहून ठेवलं.

नोव्हेंबरात चिआंग माई बघितलं आणि खरं सांगते, आम्ही दोघंही त्या शहराच्या प्रेमात पडलो. जुन्या शहराभोवतीचा चौकोनी खंदक, पश्चिमेला डोइ सुथेपचा डोंगर, सकाळी अंगावर पातळ शाल घ्यावी अशी हवा. आपली त्रिपुरी पौर्णिमा असते त्याच पौर्णिमेला तिथे लॉय क्रथोंग आणि यी पेंग हे सण येतात. केळीच्या खुंटाची चकती, भोवती दुमडलेली केळीची पानं, मध्ये फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती असं तबक पिंग नदीत सोडायचं. एका आजींनी माझ्या लेकाच्या हाताला धरून पान कसं दुमडायचं ते शिकवलं. भाषा एक नाही, तरी पाऊण तास दोघं बसले होते.

खाण्यापिण्याची आबाळ होईल ही भीतीही फोल ठरली. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’ असं थाई लिपीत लिहिलेलं दिसलं की तिथलं अन्न मांस-मासळीविना, अगदी कांदा-लसणाविनाही असतं. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या सासूबाईंना तिथे काही अडलं नसतं. इतर ठिकाणी मात्र भाजीतही माशाचा सॉस पडतो, तेव्हा विचारावंच लागतं. डोइ लो भागात गणपतीच्या मूर्तींचं एक संग्रहालय आहे, तिथे आम्ही अख्खी दुपार घालवली. थाई लोक गणपतीला फ्रा फिकनेत म्हणतात आणि मनोभावे पूजतात. कॅफेच्या गल्ल्यावर, टॅक्सीत, कलाकारांच्या दुकानात तो दिसत राहतो.

भाडंही गैर नव्हतं. शहराबाहेर हांग डोंगकडे तीन खोल्यांचं बैठं घर, पुढे अंगण, महिना १८,००० बाट. पेनांगला तांजुंग बुंगाहमधल्या तीन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं आम्हाला २,२०० रिंगिट सांगितलं होतं. रुपयांत दोन्ही जवळपास सारखंच. त्यात चिआंग माईला हिवाळ्याचे तीन महिने एसी लागणार नाही आणि बाहेरचं जेवण स्वस्त. नवऱ्याने तर तिथल्या तिथे घरमालकिणीला विसार द्यायची तयारी केली होती. मी म्हटलं, मार्च होऊ दे.

मधल्या काळात कागदपत्रांचा अभ्यास केला. इथे मात्र थायलंडचं पारडं जड होतं. परदेशी कंपनीचं काम दूरून करणाऱ्यांना मिळणारा, जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला डेस्टिनेशन थायलंड व्हिसा पाच वर्षांचा असतो. दर वेळी आत शिरलं की १८० दिवस राहता येतं, खात्यात पाच लाख बाट शिल्लक दाखवावी लागते, आणि जोडीदाराला व मुलांना त्याच आधारावर अर्ज करता येतो. आत राहायला लागलं की घरमालकाने परदेशी भाडेकरूची नोंद इमिग्रेशनकडे करायची असते, आणि सलग ९० दिवस झाले की आपण आपला पत्ता कळवायचा. अशाच लोकांसाठीचा मलेशियाचा डीई रांताऊ पास २०२२ पासून आहे. तो जास्तीत जास्त बारा महिन्यांचा आणि पुढे आणखी बारा महिने वाढवता येतो. तंत्रज्ञानातल्या कामासाठी वर्षाला किमान २४,००० डॉलर उत्पन्न लागतं, इतर कामांसाठी ६०,०००. करार, पगाराच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंट, आरोग्य विमा, सगळं स्कॅन करून चढवायचं. पाच वर्षांची निश्चिंती एकीकडे आणि दोन वर्षांचा पास दुसरीकडे, असा तो हिशेब होता.

कराचं आमच्या सीएंनी नीट समजावलं. थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलात की तुम्ही करदाते रहिवासी, आणि १ जानेवारी २०२४ पासूनचं परदेशातलं उत्पन्न तिथे आणलंत की ते करपात्र धरतात. मलेशियात ही रेषा साधारण १८२ दिवसांची, आणि तिथे बसून केलेल्या कामाचं उत्पन्न तिथलंच समजलं जाऊ शकतं. म्हणजे कर कुठेच चुकत नाही. व्हिसावर काम करता येतं म्हणजे कर माफ, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका आणि निघण्याआधी दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या माणसाला पैसे देऊन विचारा.

मग मार्च आला. विमान चिआंग माईला उतरताना खालची जमीन दिसलीच नाही. बाहेर पडलो तर डोइ सुथेप गायब होता. १,६७६ मीटर उंच डोंगर, नोव्हेंबरात आमच्या खिडकीसमोर उभा होता तो, आणि आता त्या जागी मळकट पिवळा पडदा. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. हवेला जळलेल्या पाचोळ्याचा वास होता आणि मोबाइलवर पीएम २.५चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा दर घनमीटरला शंभर मायक्रोग्रॅमवर गेला होता. जागतिक आरोग्य संघटना २४ तासांसाठी १५ची मर्यादा सांगते, भारताची मर्यादा ६० आहे आणि थायलंडने स्वतःची ३७.५ ठरवली आहे.

तिथे हे का होतं ते कळलं की दरवर्षी होणार हेही कळतं. शहर डोंगरांमधल्या खोलगट खोऱ्यात, परातीच्या तळाशी असल्यासारखं वसलेलं आहे. कोरड्या दिवसांत वरची हवा गरम आणि खालची थंड राहिली की धूर वर उठत नाही, तळाशीच साचतो. मक्याची ताटं आणि भाताचं काड जाळून शेतं साफ केली जातात. जंगलात पाचोळा पेटवला की पावसाच्या तोंडावर मिळणारी अळंबी गोळा करायला सोपी जातात म्हणून आगी लावल्या जातात. शिवाय म्यानमार आणि लाओसमधल्या शेतांचा धूर सीमा ओलांडून येतो. एकट्या शहराने ठरवून हे थांबणारं नाही. तिथले रहिवासी गप्प बसलेले नाहीत. २०२३ मध्ये त्यांनी सरकारवर दावा लावला आणि जानेवारी २०२४ मध्ये चिआंग माईच्या प्रशासकीय न्यायालयाने ९० दिवसांत तातडीचा आराखडा तयार करा असा आदेश दिला. मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे. पण आदेश निघाल्यानंतरही मार्च येतो आणि धूरही येतोच.

एका आंतरराष्ट्रीय शाळेत आम्ही आधीच भेटीची वेळ घेतली होती. शाळा उत्तम, माणसं प्रामाणिक. प्रवेश बघणाऱ्या बाईंनी काहीही लपवलं नाही. वर्गावर्गात हवा गाळणारी यंत्रं होती, दारांना रबराच्या पट्ट्या लावलेल्या होत्या आणि भिंतीवर रंगांचा तक्ता होता. हिरव्या दिवशी मैदान, पिवळ्या दिवशी संवेदनशील मुलं आत, लाल दिवशी सगळेच आत. आम्ही गेलो तो दिवस लाल होता. मैदान ओस पडलेलं आणि बंद सभागृहात मुलं पकडापकडी खेळत होती. मी विचारलं, ‘असे दिवस किती?’ त्या म्हणाल्या, ‘वर्षावर्षावर आहे. बऱ्याच घरांतून आई मुलांना घेऊन या दिवसांत दक्षिणेला समुद्राकडे जाते.’ माझ्या लेकाने तिथेच मास्क खाली ओढून पंप घेतला. त्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत नवरा हिशेब मांडत बसला. प्रत्येक खोलीत यंत्र घ्यायचं, दरवर्षी दोन महिने दुसरीकडे राहायचं, तिथलं भाडं, शाळा बुडणार ती वेगळी. गणित जमवता आलं असतंही. कितीतरी कुटुंबं ते जमवून तिथे सुखाने राहतात. जोडप्याला, तरुण माणसाला मी आजही चिआंग माई सुचवेन. पण घर ठरवताना घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाच्या फुप्फुसांनी ठरवावं, या मताची मी आहे. दहा महिन्यांचं सुख आणि दोन महिने खिडकी न उघडणं, असा व्यवहार नऊ वर्षांच्या मुलाच्या वतीने करायचा अधिकार मला वाटला नाही.

तिथूनच क्वालालंपूरमार्गे पेनांगला गेलो, म्हणजे एकाच महिन्यात दोन्ही शहरांची हवा बघता येईल. कडक ऊन होतं, घामाच्या धारा होत्या, पण समुद्रावरून वारा येत होता आणि आकाश निळं होतं. हवेचं पेनांगलाही सगळंच आलबेल नाही. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर जंगलं आणि पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, जमीन पेटते तेव्हा धुरकं इथवर पोचतं. २०१५ आणि २०१९ ही त्यातली वाईट वर्षं. फरक एवढाच की ते दरवर्षी तितक्या जोराने ठरल्यासारखं येत नाही, एखाद्या कोरड्या वर्षी येतं. आम्ही तो धोका डोळे उघडे ठेवून पत्करला आहे.

इस्पितळांच्या बाबतीत पेनांगचं नाव मोठं आहे. समुद्रापलीकडच्या मेदानहून इंडोनेशियाची माणसं उपचारांसाठी विमानाने येतात, यावरून काय ते समजा. लेकाला तिथल्या मुलांच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फुंकर मारायच्या यंत्रावर तपासणी केली, पंप घ्यायची त्याची पद्धत सुधारली आणि बुरशीविषयी स्पष्ट सांगितलं: एसीची जाळी दर महिन्याला धुवा, कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, घर वारं खेळतं बघा. सगळं इंग्रजीत झालं, दुभाषा लागला नाही. आजारपणात याची किंमत कळते. पाट्याही रोमन लिपीत असल्याने पहिल्या दिवसापासून वाचता येतात. थाई लिपी शिकायची माझी तयारी होती, पण रात्री दोन वाजता औषधाचं लेबल वाचायची वेळ आली तर शिकून होईपर्यंत थांबता येत नाही.

घर शोधताना मात्र एक कडू अनुभव आला आणि तो लिहायलाच हवा. मलेशियात भाड्याच्या काही जाहिरातींत कोणत्या वंशाचा भाडेकरू हवा ते उघड छापलेलं असतं. एका एजंटने फ्लॅट दाखवायची वेळ ठरवली आणि आमची नावं कळल्यावर फोन करून सांगितलं, ‘मालकांना भारतीय नकोत.’ त्याच्या आवाजात संकोचही नव्हता. चिआंग माईला असं कुणी म्हणालं नव्हतं. पुण्या-मुंबईत आडनाव, जात, धर्म, मांसाहार विचारून घर नाकारतात हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच ते इथे आपल्या वाट्याला आल्यावर जास्त झोंबलं. लेक शेजारीच होता. त्याने विचारलं, ‘नाही का म्हणाले?’ आम्ही त्याला खरं ते सांगितलं.

तांजुंग बुंगाहचं घर मिळालं ते एका सत्तरीच्या चिनी आजींचं. इथे सगळे त्यांना आंटी म्हणतात, आम्हीही म्हणतो. त्यांनी एकच विचारलं, ‘फोडणी करता तेव्हा खिडकी उघडता ना?’ मी हो म्हटलं आणि विषय संपला. दोन महिन्यांचं भाडं अनामत, अर्ध्या महिन्याचं वीज-पाण्यासाठी आणि पहिल्या महिन्याचं आगाऊ, ही इथली रीत. कराराला स्टॅम्प लागतो. एसी कुणी साफ करायचा हे करारात लिहून घ्या, कारण वाद तिथेच होतात. किल्ली घेण्याआधी मी प्रत्येक कपाट उघडून नाक आत घातलं आणि मागच्या बेडरूमचं कपाट बदलून मागितलं. आंटींनी बदललं.

येण्याजाण्याचा प्रश्नही अनुकूल ठरला. चिआंग माईहून पुण्याला यायचं तर बँकॉक गाठावं लागतं. पेनांगहून चेन्नईला डिसेंबर २०२४ पासून इंडिगोचं थेट विमान आहे. पुण्याच्या माणसाला चेन्नई तशी आडवाटेची, तरी सासूबाईंना एकट्याने यायला ती वाट सोपी वाटली. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियात ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, त्याचा त्यांनी लगेच उपयोग करून घेतला. घड्याळाची अडचण थोडी आहे. पेनांग भारताच्या अडीच तास पुढे, थायलंड दीड तास. जर्मनीची दुपारची मीटिंग माझ्याकडे रात्री आठला होते, चिआंग माईत ती सातला झाली असती. तो एक तास मला खरोखर जड जातो, कारण तीच लेकाच्या जेवणाची वेळ.

बाकी रोजचं ठीक चाललं आहे. जुन्या शहरात फुकट फिरवणारी बस आहे, लांब जायचं तर रॅपिड पेनांगची बस किंवा मोबाइलवरून बोलवायची ग्रॅबची टॅक्सी. पेनांग बेटाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या पुलावरची आणि बायान लेपासच्या कारखान्यांकडची संध्याकाळची वाहतूक वाईट, तिकडे आम्ही त्या वेळी फिरकत नाही. इंटेल १९७२ मध्ये तिथे आली तेव्हापासून हा भाग चिपच्या कारखान्यांचा. त्यामुळे नोकरीला आलेली भारतीय कुटुंबं भेटतात, त्यांत मराठीही आहेत. गणपतीला एकाच्या घरी जमलो होतो. मोदकांना तांदळाची पिठी इथलीच वापरली आणि उकड छान निघाली.

लेकाला पंप अजून लागतो. पुण्यापेक्षा कमी लागतो, पण पावसाच्या आठवड्यात मागची खोली ओलसर झाली की रात्री खोकला येतोच, आणि मग ओल ओढणारं यंत्र रात्रभर चालू ठेवतो. विजेचं बिल त्याने वाढतं. पास संपायला आला की मुदतवाढीचा अर्ज करायचा आहे, त्यासाठी मी आत्तापासून दर महिन्याची स्टेटमेंट एका फोल्डरमध्ये टाकत चालले आहे. ती वाढीव मुदतही संपली की पुन्हा थायलंडचं नाव घरात निघणार हे नक्की. नवरा अजूनही हांग डोंगच्या त्या अंगणाबद्दल बोलतो. तेव्हा लेक बारा वर्षांकडे झुकलेला असेल. डॉक्टर म्हणतात की काही मुलांचा बाळदमा वयात येताना ओसरतो. त्याची तेव्हाची तपासणी काय सांगते ते बघू आणि मार्चमध्ये पुन्हा एकदा चिआंग माईला जाऊन येऊ.